पांढऱ्या शेपटीच्या हरणाची स्वच्छ केलेली कवटी भिंतीवर बसविण्याची पद्धत

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया यांसारख्या राज्यांत नोव्हेंबर उजाडला की पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या शिकारीचा मोसम भरात येतो. विस्कॉन्सिनमधला बंदुकीच्या शिकारीचा नऊ दिवसांचा मोसम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो, आणि त्यानंतरच्या महिन्यांत अनेक घरांच्या तळघरांत आणि गॅरेजमध्ये कवट्या स्वच्छ होत असतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी कोणी स्वतः शिकार करतात, तर कोणाला शेजाऱ्याकडून शिंगांसह कवटी भेट मिळते. ती स्वच्छ कशी करावी याविषयी पुष्कळ माहिती उपलब्ध असते. परंतु स्वच्छ झालेली कवटी भिंतीवर कशी बसवावी, याकडे बहुतेकांचे शेवटच्या क्षणीच लक्ष जाते आणि घाईने मारलेल्या एका स्क्रूने चांगल्या नमुन्याची हानी होते. प्रस्तुत लेख या शेवटच्या टप्प्याविषयी आहे.

कातडी चढवून, काचेचे डोळे लावून संपूर्ण मुंडके तयार करण्याऐवजी केवळ हाडांची कवटी शिंगांसह मांडण्याच्या या पद्धतीला अमेरिकेत युरोपीय पद्धत म्हणतात, कारण जर्मनी, ऑस्ट्रिया आदी मध्य युरोपीय देशांतील शिकाऱ्यांमध्ये ती फार पूर्वीपासून रूढ आहे. ही पद्धत कमी खर्चाची आहेच, शिवाय प्राण्याची हाडे जशी आहेत तशी दिसत असल्यामुळे ती अधिक प्रामाणिकही आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच बसविताना एक नियम सर्वांत वर ठेवावा: कवटीला केलेली प्रत्येक गोष्ट पुढे कधीही पूर्ववत करता आली पाहिजे. फळी बदलता येते, खिळा बदलता येतो. एकदा फुटलेले नाकाचे हाड किंवा कवटीच्या तळाला पाडलेले मोठे भोक मात्र बदलता येत नाही. पुढील प्रत्येक सूचना या नियमातून निघालेली आहे.

काम सुरू करण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहणे आवश्यक आहे. हरणांमध्ये आढळणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग 1967 साली कोलोरॅडोमध्ये प्रथम लक्षात आला आणि 2002 साली तो विस्कॉन्सिनमध्ये सापडला. प्रिऑन नावाच्या विकृत प्रथिनांमुळे होणारा हा रोग मेंदू आणि मज्जारज्जूच्या ऊतींतून पसरू शकतो, आणि ही प्रथिने नुसत्या उकळण्याने नष्ट होत नाहीत. त्यामुळे अनेक राज्यांनी हरणाचे अखंड मुंडके राज्याच्या सीमेबाहेर नेण्यावर निर्बंध घातले आहेत आणि मेंदूचा व मांसाचा अंश न राहिलेली स्वच्छ कवटी नेण्यास सामान्यतः मुभा दिली आहे. आपल्या राज्याच्या नैसर्गिक संपदा विभागाचे चालू वर्षाचे नियम वाचावेत. हरीण रस्त्यावर वाहनाच्या धडकेने मेलेले असेल, तर त्याची कवटी ठेवण्यासाठी परवाना लागतो का, हेही तेथेच विचारावे.

ही कवटी महाराष्ट्रातील घरी भेट म्हणून नेण्याचा विचार मनात आणू नये. वन्य प्राण्यांचे अवयव प्रवाशाच्या सामानातून भारतात आणण्यास मनाई आहे. भारतातील चितळ, सांबर, भेकर यांच्या बाबतीत तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा इतका स्पष्ट आहे की जंगलात आपोआप गळून पडलेले शिंगसुद्धा सरकारी मालमत्ता ठरते आणि ते उचलून घरी आणणे हा गुन्हा होतो. जुन्या वाड्यांच्या दिवाणखान्यात पूर्वजांच्या काळातील शिंगे असतील, तर त्यांचे मालकी प्रमाणपत्र असणे आवश्यक आहे. अशी वस्तू वारसाहक्काने मिळू शकते, विकत घेता येत नाही. अशा शिंगांना हात लावण्याआधी वन विभागाशी बोलणे हेच शहाणपणाचे आहे.

कवटी खरोखर तयार आहे का?

स्वच्छ दिसणारी कवटी अनेकदा पूर्णपणे स्वच्छ नसते. हाडाच्या आत चरबी शिल्लक असेल तर पांढरी शुभ्र कवटी काही महिन्यांत पिवळट, डागाळलेली आणि चिकट होते, तिला खवट वास येऊ लागतो आणि मागच्या फळीवर तेलकट ठसा उमटतो. याची परीक्षा सोपी आहे. कोरडी कवटी साध्या पांढऱ्या कागदी रुमालांत गुंडाळून उबदार जागी आठवडाभर ठेवावी. कागदावर अर्धपारदर्शक डाग दिसले, तर चरबी बाहेर येत आहे असे समजावे आणि कवटी पुन्हा भांडी घासण्याच्या द्रव साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवावी. पाणी गढूळ झाले की बदलावे आणि ते स्वच्छ राहू लागेपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. यास कित्येक आठवडे लागू शकतात. घाई म्हणून कवटी खळखळ उकळू नये, कारण त्याने चरबी हाडात अधिक मुरते, सांधे सुटतात आणि नाकाच्या आतील कागदासारख्या पातळ हाडांचा चुरा होतो.

पांढरेपणा कमी वाटत असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारे 3 टक्के तीव्रतेचे हायड्रोजन पेरॉक्साइड कापसाच्या बोळ्यांनी हाडावर लावावे. शिंगांच्या बुडाशी असलेल्या खडबडीत कड्यापासून वर सगळीकडे प्लास्टिकची पातळ फिल्म घट्ट गुंडाळावी, कारण पेरॉक्साइड लागल्यास शिंगांचा तपकिरी रंग उडतो. पेरॉक्साइडमधून प्राणवायू बाहेर पडत असल्यामुळे ते कधीही झाकण घट्ट बंद केलेल्या भांड्यात ठेवू नये. कपडे धुण्याचे क्लोरीनयुक्त ब्लीच मात्र पूर्णतः वर्ज्य मानावे. त्याने हाड सुरुवातीला पांढरे दिसते, परंतु आतून भुसभुशीत होत जाते, आणि ती झीज ब्लीच धुऊन टाकल्यावरही थांबत नाही.

शिंगांच्या मोजमापाची इच्छा असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने 1887 साली स्थापन झालेल्या बून अँड क्रॉकेट क्लब या शिकाऱ्यांच्या संस्थेच्या नियमांनुसार अधिकृत मोजमापापूर्वी शिंगे किमान 60 दिवस नैसर्गिक हवेत वाळलेली असावी लागतात आणि कवटी मधोमध दुभंगलेली असता कामा नये. ज्यांना मोजमापात रस नाही, त्यांनीही हा वाळण्याचा काळ पाळावा. ओलसर हाडाला सांधणीचे द्रव्य नीट धरत नाही.

दात, नाकाची हाडे आणि खालचा जबडा

पांढऱ्या शेपटीच्या हरणाला एकूण 32 दात असतात. वरच्या जबड्यात पुढचे दात मुळीच नसतात. तेथे दोन्ही बाजूंना तीन उपदाढा आणि तीन दाढा मिळून 12 दात असतात आणि उरलेले 20 खालच्या जबड्यात असतात. वरच्या जबड्याच्या पुढच्या टोकाला दात नसलेले पाहून आपल्याकडून काही हरवले, असे नवख्या माणसाला वाटते. तसे काही झालेले नसते. स्वच्छ करताना दाढा सैल होऊन निघतात, तेव्हा त्या ज्या बाजूच्या असतील त्या बाजूच्या वेगळ्या डब्यांत ठेवाव्यात, म्हणजे पुन्हा बसविताना गोंधळ होत नाही. प्रत्येक दाढेची मुळे आपल्याच खाचेत चपखल बसतात. दाढ जोर लावून बसवावी लागत असेल, तर ती चुकीच्या खाचेत आहे असे समजावे.

चिकटविण्यासाठी संग्रहालयांत वापरले जाणारे पॅरालॉइड बी-72 हे राळेसारखे द्रव्य ॲसिटोनमध्ये विरघळवून वापरणे सर्वांत उत्तम, कारण पुढे कधी ॲसिटोन लावले की सांधा सुटतो. ते न मिळाल्यास लाकडासाठीचा साधा पांढरा गोंद किंचित पातळ करून वापरावा. झटपट चिकटणारे सुपरग्लू मोहात पाडते. परंतु त्याचा सांधा ठिसूळ असतो, दाढ तिरपी बसली तर सुधारायला वेळ मिळत नाही आणि हाडावर पांढुरका थर उरतो. नाकाची दोन लांब हाडे आणि वरच्या जबड्याच्या टोकाची दोन हाडे सुटी झालेली असतील, तर गोंद लावून मऊ कापडी पट्टीने हलकेच बांधून रात्रभर ठेवावीत.

खालच्या जबड्याविषयी माझा आग्रह आहे. भिंतीवरील मांडणीत तो सहसा लावत नाहीत, आणि सौंदर्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण तो फेकून देऊ नये. हरणाचे वय मुख्यतः खालच्या जबड्यातील दातांवरूनच ठरवतात. न्यूयॉर्क राज्यातील वन्यजीव अभ्यासक सेव्हरिंगहाउस यांनी 1949 साली दातांची वाढ आणि झीज यांवरून वय ओळखण्याची जी पद्धत मांडली, ती आजही क्षेत्रीय कामात वापरली जाते. तिसरी उपदाढ तीन उंचवट्यांची असेल तर तो दुधाचा दात असतो आणि प्राणी साधारण दीड वर्षाच्या आतबाहेरचा असतो. तिच्या जागी दोन उंचवट्यांची कायमची उपदाढ आली असेल तर वय त्याहून अधिक. जबड्याचे दोन्ही भाग दोऱ्याने एकत्र बांधून, खाली सांगितलेल्या नोंदीसह डब्यात जपून ठेवावेत.

फळी

अक्रोड, चेरी किंवा मेपल यांसारख्या कठीण लाकडाची साधारण 20 मिलिमीटर जाडीची फळी पुरेशी असते. ढालीच्या आकाराच्या तयार फळ्या बाजारात मिळतात, परंतु साधी आयताकृती किंवा एखाद्या जुन्या गोठ्याची, वर्षानुवर्षे ऊनपाऊस खाल्लेली फळी हाडाच्या पांढऱ्या रंगामागे अधिक शोभते, असे मला वाटते. गडद फळीवर कवटीची रेषा न् रेषा उठून दिसते. ओक लाकडातून आम्लयुक्त वाफा निघत असल्यामुळे काचेच्या बंद पेटीत मांडणी करायची असेल तर ओक टाळावे. उघड्या भिंतीवर त्याची अडचण होत नाही.

फळीला तेल किंवा पॉलिश लावायचे असल्यास ते कवटी बसविण्याच्या कितीतरी आधी लावावे आणि बोट लावल्यावर चिकटपणा किंवा वास अजिबात राहिला नाही, याची खात्री करावी. अर्धवट सुकलेले तेल हाड स्पंजाप्रमाणे शोषून घेते, आणि तो डाग काढणे जवळजवळ अशक्य असते. कवटी फळीला जेथे टेकणार असेल तेथे लोकरी नमद्याचे छोटे तुकडे चिकटवावेत.

आधार

कवटी फळीवर धरून ठेवण्याच्या अनेक रीती आहेत. कवटी तोंडातील टाळूच्या बाजूने फळीवर सपाट ठेवून मागून स्क्रू पिळणे ही सर्वाधिक प्रचलित रीत. मात्र ती मी शिफारशीत सर्वांत खाली ठेवतो. तीच वापरायची झाली, तर स्क्रू केवळ कवटीच्या तळाशी, दोन कानांच्या फुगीर हाडांमधल्या जाड भागातच यावा. आधी बारीक भोक पाडावे, ड्रिलचा वेग मंद ठेवावा, हातोड्यासारखे ठोके देणारी सोय बंद असल्याची खात्री करावी आणि हाडाची बारीक पूड श्वासात जाऊ नये म्हणून एन-95 मुखपट्टी व डोळ्यांना चष्मा लावावा. टाळूत किंवा नाकाच्या हाडात स्क्रू कधीही मारू नये.

एकही भोक न पाडता कवटी टांगण्याची सोय निसर्गानेच करून ठेवली आहे. कवटीच्या मागच्या बाजूला, जेथून मज्जारज्जू बाहेर पडतो, तेथे गोल छिद्र असते आणि त्याच्या आत मेंदूची रिकामी पोकळी असते. या छिद्रातून आत जाणारी पोलादी सळई फळीवर बसविली, की कवटी तिच्यावर अडकते आणि हवी तेव्हा उचलून काढता येते. बाजारात मिळणारे तयार ब्रॅकेट याच तत्त्वावर चालतात, परंतु घरी करणे अवघड नाही.

त्यासाठी आटे असलेली 6 मिलिमीटर जाडीची सळई घ्यावी. प्रथम एखादी पेन्सिल छिद्रातून हळूच आत घालून पोकळीची खोली मोजावी, आणि सळईचा आतला भाग त्या खोलीपेक्षा बोटभर आखूड ठेवावा, म्हणजे तिचे टोक समोरच्या पातळ हाडावर आदळणार नाही. कापलेले टोक कानशीने गोल करावे आणि आत जाणाऱ्या भागावर रबरी नळी किंवा विजेच्या तारांवर चढवतात ती उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. नाहीतर आट्यांच्या धारा हाड खरवडतात. फळीच्या वरच्या तिसऱ्या भागात भोक पाडून सळई दोन्ही बाजूंनी वॉशर आणि नट लावून घट्ट करावी. मागचा नट फळीत बुडेल एवढा खड्डा आधीच कोरून ठेवावा, म्हणजे फळी भिंतीला सपाट बसते. मग सळई फळीपासून दोनेक इंचांवर हलकीशी वर वाकवावी. वाकविण्याचे काम शिकंजात धरून, कवटी दूर ठेवून करावे.

आता कवटी अडकवून पाहावी. नाकाचे वजन पुढे आणि खाली ओढते, त्यामुळे सळईचे टोक पोकळीच्या छताला आतून टेकते, छिद्राची खालची कड सळईला खालून अडते आणि कवटी जागच्या जागी स्थिर राहते. शिंगे मेंदूच्या पोकळीच्या जवळपास वर उगवलेली असल्याने त्यांचे वजन या आधाराला अनुकूलच ठरते. नाक फार खाली झुकत असेल तर सळई आणखी वर वाकवावी. कवटी आकाशाकडे पाहत असेल तर थोडी खाली घ्यावी. जिवंत हरीण सावध उभे असताना त्याचा चेहरा ज्या कोनात असतो, तेवढा कोन साधेपर्यंत हे समायोजन धीराने करावे, कारण संपूर्ण मांडणीचा डौल त्या कोनावर ठरतो. दोन्ही शिंगे एकसारखी नसतात, त्यामुळे कवटी एका बाजूला कलू शकते; त्या बाजूला सळई आणि छिद्राच्या कडेमध्ये नमद्याची पट्टी घातली की कल जातो. धक्क्याने कवटी निसटू नये म्हणून दोन्ही गालांच्या कमानींमधून मासेमारीचा पारदर्शक नायलॉन दोरा घेऊन तो फळीतील दोन बारीक भोकांतून मागे बांधावा.

भिंत

शिंगांसह कवटी आणि फळी मिळून वजन काही किलो भरते. अमेरिकेतील घरांच्या भिंती बहुधा जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या असतात आणि त्यांच्या मागे 16 इंचांच्या अंतरावर लाकडी खांब असतात. स्टड शोधणाऱ्या उपकरणाने खांब शोधून त्यातच अडीच इंची स्क्रू बसवावा; नुसत्या तक्त्यात मारलेल्या स्क्रूवर विसंबू नये. फळीच्या मागे एकच कडी लावल्यास ती डुलते, म्हणून दोन कड्या लावाव्यात आणि पाणसळ लावून आडवी रेषा तपासावी.

शेकोटीच्या वरची जागा परंपरेने मानाची समजली जाते, परंतु कवटीसाठी ती सर्वांत वाईट. उष्णतेने दाढांना उभे तडे जातात आणि काजळी सच्छिद्र हाडात बसते. दमट तळघरात बुरशी येते, तर थेट उन्हात शिंगांचा रंग फिका पडतो. जाण्यायेण्याच्या वाटेवर शिंगांची टोके माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर येणार नाहीत, हे लहान मुले असलेल्या घरांत तर विशेष पाहावे.

नोंद

फळीच्या मागे टिकाऊ शाईने लिहिलेली चिठ्ठी लावणे अनिवार्य मानावे. तीवर राज्य व काउंटी (जिल्हा), तारीख, प्राण्याचे लिंग, अंदाजे वय, परवान्याचा किंवा नोंदणीचा क्रमांक आणि कवटी भेट मिळाली असेल तर ती कोणाकडून, हे सर्व लिहावे. नोंद नसलेली कवटी ही पुढच्या पिढीला केवळ शोभेची वस्तू वाटते, आणि कायदेशीर चौकशी झाली तर ती अडचणीचीही ठरते. हीच नोंद खालच्या जबड्याच्या डब्यातही ठेवावी.

भारतात राहून ही पद्धत शिकू इच्छिणाऱ्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी खाटकाकडून मिळणाऱ्या बोकडाच्या कवटीवर सराव करावा. त्यास वन्यजीव कायद्याचा अडसर नाही. एक फरक मात्र मोठा आहे. हरणाचे शिंग हे भरीव हाड असून दरवर्षी गळून पडते आणि नव्याने उगवते, तर बोकडाच्या शिंगात हाडाच्या गाभ्यावर नखासारख्या द्रव्याचे पोकळ टोपण असते. कवटी पाण्यात भिजवली की हे टोपण सैल होऊन ओढून काढता येते. गाभा आणि टोपणाचा आतला भाग वेगवेगळे स्वच्छ करून पूर्ण वाळवावेत आणि मगच टोपण पुन्हा बसवावे, अन्यथा आत राहिलेल्या ऊतींमुळे दुर्गंधी सुटते. टांगण्याची सळईची रीत बोकडाच्या कवटीलाही जशीच्या तशी लागू पडते.

मांडणी झाल्यावर देखभाल थोडीच असते. रंगाच्या मऊ कुंच्याने महिन्या-दोन महिन्यांनी धूळ झटकावी. ओले फडके वापरू नये. हाडाच्या खाली बारीक भुकटी किंवा केसाळ अळ्यांच्या कोषांची टरफले दिसली, तर कोठेतरी मांसाचा अंश उरला आहे आणि त्यावर भुंगेऱ्यांच्या अळ्या जगत आहेत, असे समजावे. अशा वेळी कवटी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवावी, बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, म्हणजे हाडावर दव धरत नाही, आणि मग तो अंश शोधून काढावा. घर बदलताना कवटी सळईवरून उतरवून वेगळ्या खोक्यात, नाकाखाली आणि शिंगांमध्ये मऊ कागद भरून न्यावी. फळी आणि सळई स्वतंत्र गुंडाळावीत.